अचूक नेम : सरावातला आणि कसोटीच्या क्षणाचा

इंडोनेशियातील पालेम्बांग येथे २२ ऑगस्ट २०१८ रोजी आशियाई क्रीडास्पर्धेतील महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी झाली. प्राथमिक फेरीत भारताच्या मनू भाकर यांनी ६०० पैकी ५९३ गुण मिळवून पहिले स्थान पटकाविले होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांना ५८० गुणांसह सातवे स्थान मिळाले होते. अंतिम फेरीत प्राथमिक फेरीचे गुण धरले जात नाहीत. सर्व स्पर्धक पुन्हा शून्यापासून आरंभ करतात आणि प्रत्येक फैरीचा निकाल ‘लागली’ किंवा ‘हुकली’ एवढाच असतो. या फेरीअखेर मनू भाकर सहाव्या क्रमांकावर राहिल्या. राही सरनोबत आणि थायलंडच्या नफस्वान यांगपायबून यांचे प्रत्येकी ३४ नेम लागले. बरोबरी सोडविण्यासाठी पाच-पाच जादा फैरी देण्यात आल्या, तेव्हा दोघींचे चार-चार नेम लागले. पुन्हा पाच फैरी झाल्या. त्यांत राही यांचे तीन व प्रतिस्पर्ध्याचे दोन नेम लागले. आशियाई क्रीडास्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

खेळाडू त्याच, शस्त्रे तीच, अंतरही तेच. तरी प्राथमिक फेरीतील क्रम अंतिम फेरीत टिकला नाही. यात कोणाचेही न्यूनत्व नाही. मनू भाकर त्या वेळी अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळविली. परंतु या निकालातून नेमबाजीच्या शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. निवांत वातावरणात दिसणारी अचूकता ताणाच्या क्षणी कितपत टिकते, आणि ती टिकावी म्हणून काय करावे लागते? क्रीडांगणावर हुकलेल्या नेमाने पदक जाते. पोलीस कर्मचाऱ्याची हुकलेली गोळी मात्र एखाद्या निरपराध माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून हा प्रश्न केवळ खेळाडूंचा राहत नाही. प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखणारे अधिकारी, शाळांतील क्रीडाशिक्षक आणि गावातील होतकरू मुलामुलींना पाठबळ देणाऱ्या पंचायती, या सर्वांनाच तो समजून घेणे उपयोगी आहे.

मिलिमीटरांचा हिशेब

पिस्तुलाचा नेम रायफलीच्या मानाने अधिक अवघड समजला जातो. रायफलीला खांद्याचा, गालाचा व दोन्ही हातांचा आधार मिळतो. स्पर्धेतील पिस्तूल मात्र एकाच हाताने, हात लांब करून, कोणत्याही आधाराविना धरावे लागते. १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारात ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा वापरतात. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या नखाएवढा असतो. ७५ मिनिटांत ६० फैरी झाडावयाच्या असतात. छर्ऱ्याची कड वर्तुळाच्या रेषेला लागली तरी गुण मिळतो. म्हणजेच छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरांच्या आत पडला पाहिजे.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक उभा चौकोनी दांडा असतो. त्यास फोरसाइट म्हणतात. मागील बाजूस चौकोनी खाच असलेली बॅकसाइट असते. खाचेच्या मधोमध दांडा दिसावा, दोहोंच्या वरच्या कडा एका रेषेत याव्यात आणि दोन्ही बाजूंस सारखाच उजेड दिसावा, ही योग्य जुळणी होय. या जुळणीचे महत्त्व साध्या अंकगणिताने पटू शकते. नेमबाजाचा हात किंचित हलला, परंतु जुळणी कायम राहून संपूर्ण पिस्तूल १ मिलिमीटर बाजूस सरकले, तर छर्राही लक्ष्यावर १ मिलिमीटरच सरकतो. गुणात काहीच फरक पडत नाही. परंतु मनगट वळून फोरसाइट खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर बाजूस गेली, तर ती चूक कोनाची असल्यामुळे अंतराबरोबर वाढत जाते. दोन्ही साइटमधील अंतर ३० सेंटिमीटर धरल्यास १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला पडतो आणि दहाऐवजी सहा गुण मिळतात.

नवख्या नेमबाजाची सर्व खटपट हात मुळीच न हलावा यासाठी चाललेली असते. वास्तविक जिवंत माणसाचा हात पूर्णपणे स्थिर राहूच शकत नाही. श्वास, नाडीचे ठोके आणि स्नायूंचे सूक्ष्म कंपन यांमुळे तो सदैव थोडाफार डोलत असतो. अनुभवी नेमबाज हे डोलणे स्वीकारतो आणि आपले सारे लक्ष जुळणीवर ठेवतो. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. म्हणून दृष्टी फोरसाइटवर स्थिर करावी आणि लक्ष्य किंचित अंधुक दिसू द्यावे, असा या खेळातील नियमच आहे. लक्ष्य स्पष्ट पाहण्याचा मोह हा नवशिक्याचा पहिला शत्रू होय.

उभे राहणे, धरणे आणि श्वास

नेमाची तयारी पायांपासून होते. दोन्ही पाय साधारण खांद्यांच्या रुंदीइतके फाकवून वजन समान वाटावे. शरीराचा कल लक्ष्याकडे आपोआप आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. डोळे मिटून हात वर करावा, एक-दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. पिस्तूल लक्ष्याच्या उजवीकडे अथवा डावीकडे दिसल्यास हात ओढून ते जागेवर आणू नये. पाय किंचित सरकवून संपूर्ण शरीर वळवावे. स्नायूंच्या जोरावर रोखलेला हात थकला की पुन्हा मूळ दिशेकडे जातो.

मूठ प्रत्येक वेळी एकाच जागी आणि सारख्याच दाबाने धरली पाहिजे. फार घट्ट धरल्यास हात कापू लागतो. फार सैल धरल्यास चाप ओढताना पिस्तूल मुठीत फिरते. मनगट मात्र ताठ असावे. श्वास घेत हात वर न्यावा, लक्ष्यावर उतरताना थोडा श्वास सोडावा आणि उरलेला रोखून धरावा. अशा स्थितीत काही सेकंदच हात व दृष्टी उत्तम काम देतात. तेवढ्यात फैरी झाली नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा आरंभ करणे शहाणपणाचे ठरते. फैरी सोडून देण्याचा हा संयम अंगी बाणविण्यास प्रत्यक्ष फैरी झाडण्याइतकेच परिश्रम पडतात.

चाप : बहुतेक चुकांचे मूळ

पिस्तुलाच्या नेमातील सर्वांत नाजूक क्रिया चाप ओढण्याची. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर पिस्तुलाला किमान १,००० ग्रॅम दाब लागला पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे. हा दाब बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे आणि क्रमाक्रमाने वाढवीत न्यावयाचा असतो. जुळणी सुंदर दिसताच ‘आता!’ म्हणून चाप झटकन ओढला, की संपूर्ण मूठ आवळली जाते आणि नळीचे टोक खाली झुकते. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी अशा वेळी बहुधा डावीकडे खाली लागते.

बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या पिस्तुलात आणखी एक दोष उद्भवतो. आवाज आणि धक्का यांची अपेक्षा करून शरीर फैरीच्या आधीच आकसते. हा दोष नेमबाजाला स्वतःला जाणवत नाही, कारण धक्क्याच्या गडबडीत तो झाकला जातो. तो उघड करण्यासाठी प्रशिक्षक खऱ्या काडतुसांमध्ये एखादे निकामी, केवळ सरावाचे काडतूस नेमबाजाच्या नकळत मिसळतात. त्या फैरीला धक्का बसत नाही. परंतु पिस्तूल खाली झुकलेले सर्वांना दिसते. स्वतःचा दोष असा डोळ्यांनी पाहिल्यावर तो मान्य करणे व सुधारणे सोपे जाते.

यावरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गोळीविना सराव. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, कोऱ्या भिंतीसमोर केवळ जुळणी व चाप यांचा अभ्यास करावयाचा असतो. चाप सुटल्यानंतरही फोरसाइट खाचेत जागच्या जागी दिसली, तर ती फैरी उत्तम समजावी. यात दारूगोळ्याचा खर्च नाही, आवाज नाही आणि लक्ष विचलित करणारा गुणफलकही नाही.

फलकावरील खुणांचा अर्थ लावण्याची कलाही शिकावी लागते. पाच छिद्रे एकमेकांजवळ, परंतु केंद्रापासून दूर पडली असतील तर तंत्र सारखेच आहे. साइट थोडी फिरवून किंवा एखादी सवय दुरुस्त करून काम भागते. छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतील, तर साइट फिरवून उपयोग नाही. मूळ तंत्राकडेच वळले पाहिजे. अचूकतेच्या आधी सातत्य, हा क्रम शिक्षकांनी ध्यानात ठेवावा.

हंगेरीच्या सैन्यातील कारोय टाकाच यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्याच हाताने ते पिस्तूल चालवीत असत. त्यांनी डाव्या हाताने सराव आरंभिला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकाराची सुवर्णपदके मिळविली. नेम जन्मतः हातात असतो, ही समजूत या एका उदाहरणाने खोटी ठरते.

ताणाखाली काय घडते

भय, घाई किंवा सर्वांच्या नजरा यांमुळे शरीरात ॲड्रेनलिन वाढते. नाडी जलद चालते, श्वास उथळ होतो, तळहाताला घाम सुटतो आणि बोटांच्या बारीक हालचालींवरील ताबा कमी होतो. दृष्टी एकाच गोष्टीवर खिळते व बाजूचे दिसेनासे होते. वेळ प्रत्यक्षात आहे त्याहून कमी उरल्यासारखा वाटतो आणि चापावर क्रमाने वाढणाऱ्या दाबाची जागा झटका घेतो. पळण्यास अथवा झुंजण्यास उपयोगी पडणारी ही शरीराची नैसर्गिक तयारी पिस्तुलाच्या नेमाला नेमकी प्रतिकूल ठरते.

क्रीडाजगतात या गोष्टीची किती गांभीर्याने दखल घेतली जाते, हे उत्तेजक द्रव्यांच्या नियमांवरून दिसते. हृदयाचे ठोके व कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू यांच्या चाचणीत या गटातील प्रोप्रानोलॉल आढळले आणि पिस्तूल प्रकारांतील त्यांची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. जे औषधाने साधणे नियमाला मान्य नाही, ते सरावानेच साधले पाहिजे.

पोलीस दलांचा अनुभव

पोलीस कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे अंतर अधिकच रुंद होते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाविषयी रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १९९८ ते २००६ या काळात प्रत्यक्ष गोळीबाराच्या चकमकींत पोलिसांच्या नेमाचे प्रमाण सरासरी १८ टक्के होते. समोरून गोळीबार होत नव्हता अशा प्रसंगीही ते ३० टक्क्यांच्या आसपासच होते. नियमित शिक्षण घेतलेल्या दलाची ही स्थिती आहे. उरलेल्या गोळ्या कोठे गेल्या असतील, हा विचार गर्दीच्या कोणत्याही शहरातील प्रशासनास अस्वस्थ करणारा आहे.

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी सहकाऱ्यासह २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निष्णात आणि नवशिके पोलीस अधिकारी यांची नजर बनावट प्रसंगात कशी फिरते, हे टिपण्यात आले. निष्णात अधिकाऱ्यांची नजर समोरच्या व्यक्तीच्या शस्त्रावर लवकर स्थिरावली आणि तेथेच टिकली. नवशिक्यांची नजर अखेरच्या क्षणी स्वतःच्या पिस्तुलाच्या साइटकडे वळली. एका प्रसंगात त्या व्यक्तीने पिस्तुलाऐवजी केवळ मोबाईल फोन बाहेर काढला. त्या वेळी नवशिक्यांपैकी सुमारे ६२ टक्के अधिकाऱ्यांनी गोळी झाडली. निष्णातांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते.

क्रीडांगणावरील नियम आणि हा निष्कर्ष परस्परविरोधी वाटण्याचा संभव आहे. कागदी लक्ष्य कोणताच निर्णय मागत नाही, म्हणून तेथे दृष्टी फोरसाइटवर ठेवता येते. माणसासमोर मात्र गोळी झाडावी की झाडू नये, हा निर्णय आधी घ्यावा लागतो आणि त्यासाठी नजर त्याच्या हातांवर हवी. जुळणी, मूठ व चाप यांची सवय इतकी मुरलेली असावी की, तिच्याकडे लक्ष देण्याची गरजच पडू नये. मूलतत्त्वांचा निवांत सराव व्यर्थ नाही. तो निर्णयासाठी डोळे आणि मन मोकळे करतो. परंतु केवळ त्यावर थांबणे पुरेसे नाही.

ताणाचाही सराव

नेदरलँड्समधील राऊल आउदेयान्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून या बाबतीत आशादायक निष्कर्ष हाती आला. पोलीस कर्मचाऱ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर सराव केला. दुसऱ्या गटापुढे प्रतिस्पर्धी उभा राहून रंगीत साबणाच्या गोळ्यांनी उलट मारा करीत असे. सरावापूर्वी प्रतिस्पर्ध्यासमोर दोन्ही गटांचा नेम सारखाच घसरत होता. सरावानंतर दुसऱ्या गटाचा नेम प्रतिस्पर्ध्यासमोरही टिकून राहिला. पहिल्या गटाचा मात्र पूर्वीप्रमाणेच घसरला. जो ताण प्रत्यक्षात येणार आहे, त्याची सौम्य आवृत्ती शिक्षणातच भेटली पाहिजे, हा याचा अर्थ होय. वर्षाकाठी शांत मैदानावर ठराविक गोळ्या झाडून गुणपत्रक भरणे, एवढ्यावर समाधान मानणारे प्रशिक्षण म्हणूनच अपुरे ठरते.

खेळाडूंसाठी हेच तत्त्व अगदी कमी खर्चात अमलात आणता येते. सरावाच्या अखेरीस दोघादोघांत पाच फैरींची चुरस ठेवावी. गुण मोठ्याने जाहीर करावेत. धावून किंवा दंडबैठका काढून नाडी वाढलेली असतानाच नेम धरण्यास सांगावे. मुलांच्या पाठीमागे प्रेक्षक बसवावेत, गलका होऊ द्यावा. वेळेची मर्यादा क्रमाक्रमाने कमी करीत जावी. मात्र मूलतत्त्वे पक्की होण्यापूर्वी ताण वाढविला तर चुकाच पक्क्या होतात, याचे भान शिक्षकांनी ठेवले पाहिजे.

ताण पेलण्याचे दुसरे साधन म्हणजे ठरलेला क्रम. पाय, मूठ, श्वास, हात वर, जुळणी, चाप आणि फैरीनंतर क्षणभर तसेच थांबणे, हा क्रम प्रत्येक फैरीत एकच असावा. निकालाचा विचार मनात शिरू लागला की, मनाला या क्रमातील पुढची पायरी द्यावी. मागची फैरी गेली, पुढची अजून आलेली नाही. हाती असते ती एकच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड होऊन बहुमोल वेळ गेला आणि ५७५ गुणांसह त्यांची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले. ताणाखालील अपयश हा अखेरचा निकाल नसतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

सुरक्षितता : पहिला धडा

हे सर्व ज्ञान एका अटीवर उपयोगी आहे, ती म्हणजे शिस्त. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. नळी कधीही माणसाकडे वळवू नये. नेम धरून फैरीचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी पाहावे. एअर पिस्तुलाचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो. त्यामुळे त्यास खेळणे समजणे धोक्याचे आहे. दारूगोळ्यावर चालणारे शस्त्र बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. शिक्षणासाठी मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्र आणि जाणकार प्रशिक्षक हाच योग्य मार्ग होय.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा दृढ आहे. पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडानगरीत नेमबाजीचे सुसज्ज केंद्र आहे. २०१० मध्ये म्युनिक येथे रायफल प्रकारात जगज्जेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या राही सरनोबत या दोघीही कोल्हापूरच्या. एकीच्या यशातून दुसरीची वाट सोपी होते, हे या जिल्ह्याने दाखवून दिले आहे. एखाद्या शाळेतील शांत, चिकाटीची, मैदानी खेळांत फारशी न चमकणारी मुलगी या खेळात पुढे येऊ शकते. कारण येथे उंचीची किंवा ताकदीची गरज कमी आणि स्वतःवरील ताब्याची अधिक असते.

अशा मुलीला पाठविणाऱ्या शिक्षकाने, तिचा प्रवासखर्च उचलणाऱ्या पंचायतीने आणि पोलिसांच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखणाऱ्या अधिकाऱ्याने एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ आहे. शांत मैदानावरचे गुण ही केवळ पहिली पायरी आहे. पालेम्बांगच्या त्या दुपारी बरोबरी सुटली ती दुसऱ्या जादा फेरीत, आणि तीही एकाच नेमाच्या फरकाने. तो एक नेम त्या दिवशी घडला नव्हता. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता, आणि त्या सरावात ताणालाही जागा होती.